अण्णांचा शेवटचा तक्ता

"आण," अण्णा म्हणाले.

मी अजून पायरीवर चपला काढत होतो. डब्याच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो समोरच्या पाटावर पसरला, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, कानावरची लाल पेन्सिल काढली आणि पितळी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत वाचायला लागले. ते वाचत असताना घरात कुणी बोलायचं नाही असा दंडकच होता. कुकरची शिट्टी झाली म्हणून छायाने, माझ्या बायकोने, एकदा त्यांची माफी मागितल्याचं मला आठवतं.

आमच्या साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात अण्णा, माझे वडील, एकतीस वर्षं टाइमकीपर होते. हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो. तीन पाळ्या आणि आठशे माणसं. कोण कुठल्या पाळीला, कोण बॉयलरला, ऊस जिथून आत ओढला जातो त्या गव्हाणीवर कोण, कुणाची सुट्टी आणि त्याच्या जागी बदली कोण, हे सगळं आठवड्याच्या एका तक्त्यात बसवायचं. एक माणूस हलला की पाच हलवावे लागतात. अण्णा ते काम ओसरीवर बसून, गूळ-शेंगदाणे खात करत. हिंदुराव लोखंड्यांचा तक्ता कुणी तपासला आहे, असं एकतीस वर्षांत घडलं नव्हतं.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी ती खुर्ची मला मिळाली. खुर्ची मिळाली म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मिळाल्या, कारण तक्ता अण्णाच करत. मी कच्चा कागद घरी आणायचा, त्यांनी संध्याकाळी तो मोडून नव्याने बांधायचा आणि मी सकाळी स्वच्छ अक्षरात उतरवून लेबर ऑफिसरसाहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब म्हणायचे, "लोखंडे, तक्ता असावा तर तुझ्यासारखा." मी मान खाली घालायचो. साहेबांना तो विनय वाटायचा.

त्या वर्षी हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडून आठ दिवस झाले होते. अण्णा एकाहत्तर वर्षांचे होते.

"काय रं संपा, चारशे बाराला बुधवारी दुसऱ्या पाळीला लावलायस?"

"व्हय."

"चारशे बारा म्हंजी शंकर खिलारे. त्याच्या आईचं वर्षश्राद्ध हाय मंगळवारी. पाहुणंरावळं बुधवारी दुपारपतोर जाणार. त्याला दुसऱ्या पाळीत कशाला घालतोस? रात्री लाव."

आठशे टोकन नंबर, त्यांची माणसं आणि त्या माणसांच्या घरची लग्नं-मयतं सगळी पाठ. मी मनातल्या मनात हात जोडले. अण्णांनी लाल पेन्सिलीने खिलारेचा नंबर तिसऱ्या पाळीत लिहिला आणि पट्टी पुढे सरकवली.

दुसऱ्या पाळीतला नंबर त्यांनी खोडलाच नाही.

मी वाट पाहिली. पट्टी खाली गेली, पान संपलं, लाल सही झाली. खिलारे बुधवारी दुपारी बारापासून गुरुवारी पहाटे चारपर्यंत, सोळा तास, कामावर लागला होता. आणि सोळा तास कुणाला लावणं हे अण्णांच्या लेखी पाप होतं. मी शाळेत असताना केंगार नावाच्या बदली कामगाराने पैशांसाठी सलग तीन पाळ्या केल्या होत्या, आणि चौथ्या पाळीला त्याचा हात खांद्यापासून गव्हाणीत गेला. तो तक्ता अण्णांचा नव्हता, तेव्हा ते रजेवर होते. तरी त्या दिवसापासून त्यांचा एकच कायदा झाला. ज्याला सुट्टी नाही तो एक दिवस दगा देतो. माणूस असो नाहीतर मशीन. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी, त्याच्या जागी बदली, आणि नाइलाजाने बदलीला डबल पाळी करावीच लागली तर त्याला भरपाई सुट्टी. यात साहेबांचंही त्यांनी कधी चालू दिलं नाही.

"अण्णा, ह्यो खिलारे..."

"काय?"

"काही न्हाई."

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी ऑफिसात गेल्यावर खिलारेचा नंबर गुपचूप खोडला. त्या तक्त्यात आणखी दोन चुका सापडल्या. पुढच्या आठवड्यात चार सापडल्या.

*

त्याच महिन्यात अण्णांना तालुक्याला डॉ. शिकलगारबाईंकडे नेलं. सोळा वर्षांचं बीपी. सोळा वर्षं सकाळी आठचा भोंगा झाला की एक गोळी, भोंगा चुकला तर गोळी चुकणार असा हिशेब. पण दोन-तीन दिवस त्यांचं डोकं जड होतं. बाईंनी पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे दहा.

"आजोबा, आज वार कोणता?"

अण्णांनी वार सांगितला, तारीख सांगितली, वर तिथीही सांगितली. बाईंनी पाच शब्द दिले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. अण्णांनी ते सरळ सांगितले, मग उलटे सांगितले.

"बाई, तुमच्या वडलांचा टोकन नंबर सांगू? दोनशे सव्वीस. साखर शिजवायच्या खात्यात व्हते. लई सज्जन माणूस. एक दिवस उशीर न्हाई."

बाई हसल्या. मग जुनी गोळी बंद करून त्यांनी तीन नव्या लिहून दिल्या. पांढरी सकाळी आठला, छोटी पिवळी दुपारी बाराला, गुलाबी रात्री आठला. अण्णा औषधाच्या दुकानाकडे गेले तेव्हा बाईंनी मला खुणेने थांबवलं.

"आठवण पक्की आहे त्यांची. पण बीपी जुनं आहे, आणि बरेच दिवस चढं असावं. अशा माणसांचं कधी कधी असं होतं, की आठवणीत काही बिघडत नाही आणि आखणी मात्र बिघडते. आधी काय, मग काय, एक बदललं तर दुसरं कुठे हलवायचं, हे जुळेनासं होतं. आतापर्यंत एकच गोळी होती, भोंग्यावर निभावलं. आता तीन आहेत, म्हणून विचारते. त्यांच्या कामात, घरच्या व्यवहारात असं काही दिसलं का तुम्हाला?"

माझ्या खांद्याला डब्याची पिशवी होती. पिशवीत त्या आठवड्याचा लाल सही केलेला तक्ता होता.

"नाही," मी म्हणालो. "तसं काहीच नाही. बाई, आठशे माणसं चालवलीत त्यांनी. तीन गोळ्या चालवता येणार नाहीत का?"

"तरी घरातल्या कुणीतरी हातावर गोळी ठेवा. ह्या गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. मधेच थांबल्या तर दाब उसळतो, आणि डोक्यातली शीर फुटायला काही वर्षं लागत नाहीत, एक दिवस पुरतो."

परतीच्या जीपमध्ये अण्णांनी विचारलं, "काय म्हणत हुत्या?"

"छायाने गोळ्या द्याव्यात म्हणत्यात."

अण्णा बाहेर उसाकडे बघत राहिले. कारखान्याची चिमणी दिसायला लागल्यावर म्हणाले, "म्हंजी आता मला कुणीतरी पाळीवर लावणार."

"मी सांगितलं त्यास्नी. तुम्ही आठशे माणसं चालवली म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते खूश होतील असं मला वाटलं होतं.

*

गोळ्यांचा तक्ता करायला अण्णांना चार दिवस लागले. आठशे माणसांचा तक्ता एका संध्याकाळी करणारा माणूस तीन गोळ्यांसाठी चार दिवस ओसरीवर पट्टी घेऊन बसला, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं नाही हे लिहायला बरं पडतं म्हणून लिहितोय.

छायाने एकदा धाडस केलं. "मामा, डब्यात काढून ठेवत जाऊ का मी? सकाळची, दुपारची, रात्रीची?"

"तुझा सैपाक मी करतो का?" अण्णा म्हणाले. तिने पुन्हा विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो. त्यांनी "आण" म्हटलं नाही. त्यांनीच माझ्यापुढे कागद धरला. शाईने आखलेला, चार आठवड्यांचा, वर झोकदार अक्षरात 'गोळ्या: पाळीवार तक्ता', खाली उजव्या कोपऱ्यात 'तयार करणार' म्हणून त्यांची सही आणि डाव्या कोपऱ्यात 'तपासणार' म्हणून रिकामी रेघ.

"जरा नजर टाक."

"तुमचा तक्ता मी काय तपासणार? सूर्यापुढं काजवा!"

"तरी बघ."

"बघतो. चहा घेतो आधी." चहा घेतला, बातम्या लागल्या, जेवण झालं. कागद पाटावर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलला पिशवी अडकवत असताना ते दारात आले. कागद हातातच होता. "संपा, ते बघायचं राहिलं."

"संध्याकाळी बघतो अण्णा. साहेब यायची येळ झाली."

दुपारी बाराला भोंगा झाला. पाळी बदलताना टाइम ऑफिसच्या खिडकीवर झुंबड असते. पहिली पाळी बाहेर पडते, दुसरी आत शिरते, टोकनं खणखणत असतात. त्या गर्दीत मला पांढरी टोपी दिसली. अण्णा कारखान्याच्या वसाहतीतल्या घरापासून उन्हातनं चालत आले होते. माणसं बाजूला झाली, कुणी पाया पडलं, कुणी "टाइमसाहेब आले" म्हणून ओरडलं. निवृत्त झाल्यापासून ते या खिडकीशी आले नव्हते. आणि आतल्या बाजूने तर आयुष्यभर बसले होते, बाहेरच्या बाजूला मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांनी खिडकीच्या गजांतून कागद आत सरकवला.

"सही कर."

माझ्या मागे साहेबांचा दरवाजा उघडा होता. साहेब मान वर करून बघत होते. आता अण्णा काहीतरी बोलतील, आठवड्याच्या तक्त्याबद्दल विचारतील, सगळं बिंग फुटेल, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. मी कागद ओढला, 'तपासणार'च्या रेघेवर 'पाहिले' लिहिलं, सही केली आणि परत सरकवला.

अण्णांनी तो लगेच घेतला नाही.

"वाचलास?"

"वाचला की."

"नीट?"

"व्हय अण्णा. बरोबर हाय."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. शंकर खिलारे त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. मी टोकनं घेत राहिलो.

*

तो तक्ता ओसरीच्या भिंतीवर खिळ्याला लागला. अण्णा रोज भोंग्याबरोबर उठायचे, चष्मा लावून चौकट बघायचे, त्याप्रमाणे गोळी घ्यायचे आणि चौकटीत बरोबरची खूण करायचे. एक चौकट चुकली नाही. छाया म्हणायची, "मामांसारखी शिस्त आपल्याला जमायची न्हाई." मलाही बरं वाटायचं.

कारखान्याचा तक्ता मी दर आठवड्याला आणतच होतो. अण्णा पट्टी सरकवायचे, लाल पेन्सिल चालवायचे. सकाळी मी त्यांचं लाल खोडून माझं बसवायचो. तक्ता बांधायला मी खरा त्या महिन्यात शिकलो. संध्याकाळी मात्र त्यांच्यासमोर शहाण्या मुलासारखा मांडी घालून बसायचो. ते पूर्वीसारखे बोलत नव्हते. वाचून झालं की माझ्या तोंडाकडे बघायचे, जरा जास्तच वेळ बघायचे आणि कागद परत द्यायचे.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या वंदनाताई खिडकीशी धापा टाकत आल्या. "भाऊजी, चला. अण्णा पडले."

ते ओसरीवर भिंतीला टेकून बसल्यासारखे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, आणि डाव्या हाताने ते उजव्या हाताच्या बोटांत पेन्सिल बसवायचा प्रयत्न करत होते. पेन्सिल पडत होती. ते पुन्हा बसवत होते.

कराडच्या एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाला. त्याने विचारलं, "बीपीच्या गोळ्या बंद होत्या का?"

"एकही चुकली नाही," मी ठासून सांगितलं. "रोजच्या खुणा आहेत. तक्ता आहे आमच्याकडे."

"घेऊन या मग. कुठली गोळी किती, ते कळेल."

मी वसाहतीत परत आलो. ओसरीवर गेलो, खिळ्यावरून कागद काढला, आणि उभ्या उभ्याच पहिल्यांदा वाचला.

अण्णांनी गोळ्यांना पाळ्या लावल्या होत्या. पांढरी पहिल्या पाळीला, पिवळी दुसऱ्या, गुलाबी तिसऱ्या. इथपर्यंत बाईंनी सांगितलं तसंच. पण प्रत्येक गोळीला आठवड्याची सुट्टी होती. गुरुवारी पांढरीची सुट्टी, तिच्या जागी बदली गुलाबी, म्हणजे त्या दिवशी गुलाबी दोन. रविवारी गुलाबीची सुट्टी, बदली पांढरी, पांढऱ्या दोन. पिवळीचंही तसंच. आणि ज्या गोळीने डबल पाळी केली तिला भरपाई सुट्टी. त्या भरपाई सुट्ट्या तीन आठवडे साठत गेल्या होत्या. चौथ्या आठवड्यात अण्णांनी त्या सगळ्यांच्या सगळ्या फेडून टाकल्या होत्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवसांच्या नऊ चौकटी, नऊ ठिकाणी 'सु.'. एका खात्यातली सगळी माणसं एकाच दिवशी सुट्टीवर सोडणारा टाइमकीपर मी तरी पाहिलेला नाही. त्या पाळ्यांना कामावर कुणीच नव्हतं.

बुधवारच्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. गुरुवारच्या चौकटींतही होत्या. त्यांनी तक्ता तंतोतंत पाळला होता.

खाली डाव्या कोपऱ्यात 'पाहिले', आणि माझी सही.

मी तिथेच पाटावर बसलो. छाया आतून आली. तिच्या हातात कागदांची चवड होती, चुरगळून परत सरळ केलेली.

"हे बघा," ती म्हणाली. "त्या चार दिवसांत मामा कागद फाडत हुते, टाकत हुते. मी केर काढताना उचलून ठिवले. लाल पेन्सिलीचं काय महत्त्वाचं असंल म्हटलं."

अकरा कागद होते. अकरा वेळा आखलेला गोळ्यांचा तक्ता. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ आणि 'चूक'. काय चुकतंय ते त्यांना सापडत नव्हतं, पण चुकतंय हे त्यांना कळत होतं. शेवटच्यावर लिहिलं होतं, 'जुळत नाही. संपतला दाखवणे.' त्याखाली दोन रेघा.

मी तो कागद उलटा केला. पाठीमागे, बारीक अक्षरात, तारीख घालून एक नोंद होती. टाइम ऑफिसात अण्णा अशाच नोंदी करत.

'४१२ला बुधवारी सलग दोन पाळ्या लागल्या. माझ्या हातून. संपत बोलला नाही.'

आठवण पक्की होती ना त्यांची. रचताना चुकले, पण रचलेलं सगळं त्यांच्या लक्षात राहिलं. कधीतरी, अंथरुणावर पडल्या पडल्या, तो तक्ता त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचला असणार आणि त्यांना खिलारे दोन ठिकाणी दिसला असणार. मग दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. पोरगा कधी बोलतोय याची वाट बघत होते. डॉक्टरीणबाईंना मी काय सांगितलं तेही मीच फुशारकीने त्यांना ऐकवलं होतं. ज्या माणसाने जन्मात कुणाला तक्ता दाखवला नाही, तो तीनदा माझ्यापुढे कागद घेऊन आला. आधी घरात, मग दारात, आणि मग भर उन्हात, खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा राहून.

खिडकीवर गर्दी होती, हे खरं. पण आदल्या संध्याकाळी गर्दी नव्हती. मी वाचला नाही, कारण त्यात चूक सापडेल हे मला माहीत होतं. चूक सापडली की बोलावं लागलं असतं. बोललो की कारखान्याचे तक्तेही चुकताहेत हे निघालं असतं, आणि मग ते इतकी वर्षं कोण करत होतं हेही निघालं असतं. 'तक्ता असावा तर तुझ्यासारखा' हे एक वाक्य मी जपलं. या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. मी हे आजवर छायालाही सांगितलेलं नाही.

दवाखान्यात मी तो कागद डॉक्टरच्या हातात दिला. त्याने वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"हे तपासलं कुणी?"

"मी," म्हणालो.

*

अण्णा त्यानंतर दोन वर्षं जगले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, घशातून दोन-तीन आवाज निघत. पण डोळ्यांवरून कळायचं की आत सगळे आठशे नंबर शाबूत आहेत. मी नवा तक्ता केला. तीन गोळ्या, तीन वेळा, सातही दिवस, सुट्टी नाही. तो खाटेसमोर लावला. पांढरी आणि गुलाबी मी द्यायचो, दुपारची पिवळी छाया द्यायची.

पहिले तीन दिवस काही अडलं नाही. गुरुवारी सकाळी आठचा भोंगा झाला, मी पांढरी गोळी त्यांच्या ओठांशी नेली, आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"अण्णा, घ्या."

त्यांनी मान फिरवली. डावा हात उचलून तक्त्याकडे बोट केलं. गुरुवार. मग तेच बोट गोळीकडे केलं आणि हात आडवा हलवला. तिची आज सुट्टी आहे.

मी समजावलं. बाईंचं नाव घेतलं. छाया रडली. मग ओरडलो, तेही करून झालं. ते मिटलेलं तोंड उघडेना. केंगारचा हात गेल्यापासून त्यांनी कुणाची सुट्टी खाल्ली नव्हती, आणि स्वतःच्या भल्यासाठी म्हणून ते आता खाणार नव्हते. गोळी माझ्या घामाने विरघळायला लागली.

मी ती पाठीमागे नेली, या हातातून त्या हातात घेतली आणि डावा हात पुढे केला.

"पांढरीला सोडलं, अण्णा," मी म्हणालो. "सुट्टीवर गेली. ह्यो तिचा बदली."

त्यांनी हातावरच्या गोळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, त्या महिन्यात संध्याकाळी बघायचे तसं, बराच वेळ. ती तीच गोळी आहे हे त्यांना कळलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

पुढे दोन वर्षं दर गुरुवारी, आणि रविवारी गुलाबीच्या वेळीही, हे असंच झालं. गोळी गिळून झाली की ते डाव्या हाताने तक्त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करायचे. मी पेन काढायचो. पण नुसती सही त्यांना चालायची नाही, मनगट धरून ठेवायचे. मी तक्ता वाचायला लागायचो. सोमवार, पहिली पाळी, पांढरी. सोमवार, दुसरी पाळी, पिवळी. रविवारच्या तिसऱ्या पाळीपर्यंत एकवीस चौकटी, एकही न गाळता, मोठ्याने.

एकविसावी झाली की ते माझं मनगट सोडायचे. मग मी सही करायचो.